मर्व्हला चालणारं डोंगल

माझ्या नवऱ्याचं, मर्व्हचं, दोन गोष्टींवर आंधळं प्रेम आहे. एक लिनक्स आणि दुसरी खेकडे धरायला नेतो ती गळकी बोट. माझा नंबर तिसरा. बोट दुरुस्तीला गेली की मी दुसऱ्यावर सरकते. तक्रार नाही. शेजारच्या रोंडाचा नंबर गोल्फ, घोडे आणि कुत्रा यांच्यानंतर लागतो, त्या मानाने माझं बरं चाललंय.

लिनक्स म्हणजे नक्की काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. सगळं जग दुकानातून कॉम्प्युटर आणतं आणि त्यात जे काही घालून दिलेलं असेल ते निमूट वापरतं. मर्व्हसारखे लोक ते घरी आणल्याबरोबर पुसून टाकतात आणि त्या जागी लिनक्स घालतात. ते फुकट मिळतं, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं असतं, आणि काही बिघडलं तर आपलं आपणच निस्तरायचं असतं. यातल्या शेवटच्या गोष्टीचा मर्व्हला खरा आनंद. कॉम्प्युटर सरळ चालायला लागला की त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

या लोकांचा एक ग्रुप आहे. आमच्या पोर्ट हॅलर्टमधले मर्व्ह आणि नेव्हिल हे दोघं, बाकीचे सेडुना, होबार्ट, पार न्यूझीलंडच्या टोकापर्यंत पसरलेले. एकमेकांची तोंडं त्यांनी कधी पाहिलेली नाहीत, पण बायकोवर नसेल एवढा विश्वास एकमेकांवर. त्यांचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. एखादी वस्तू लिनक्सवर चालली, तर ताबडतोब ग्रुपवर लिहायचं. आतली चिप कुठली, काय केल्यावर चालली, सगळं. नाही चालली तर तेही लिहायचं, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. यात थाप मारणारा माणूस त्यांच्या लेखी मेल्यातच जमा.

तर झालं असं, की मे महिन्यात मर्व्ह धक्क्यावरून घरापर्यंत येताना तीनदा थांबला. पहिल्यांदा म्हणाला, बुटाची नाडी सुटली. दुसऱ्यांदा म्हणाला, आभाळ बघत होतो. तिसऱ्यांदा काहीच बोलला नाही, कारण बोलायला दम नव्हता. मी त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथून तपासण्या, तिथून ॲडलेडच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे कागद. हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. डॉक्टर फाम व्हिडिओवर त्याच्याशी बोलणार, त्याला बघणार आणि ऑपरेशन करायचं का, कधी, ते ठरवणार होत्या.

मर्व्हचा मोठा भाऊ कीथ अशाच ऑपरेशनसाठी ॲडलेडला गेला होता. स्वतः गाडी चालवत गेला, आणि आम्ही त्याला पेटीतून परत आणलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मर्व्ह त्यावर कधी बोलत नाही, म्हणून मीही नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात लॅपटॉपचा वायरलेस मेला. आतला भागच गेला, असं मर्व्ह म्हणाला. खाऱ्या हवेने.

"मग केबल लाव," मी म्हटलं.

"या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही ग."

"मग वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बोल."

"मेव्हिसच्या विणकामाच्या टोळक्याशेजारी बसून? माझी झडप दुपारच्या चहापर्यंत गावभर होईल."

"रोंडाचा कॉम्प्युटर?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला रोंडाचा टूथब्रश वापरायला सांगितला होता. "मी माझं हृदय," तो म्हणाला, "कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर दाखवणार नाही." नेव्हिलकडे लिनक्स होतं, पण त्याच्या कॉम्प्युटरला कॅमेराच नव्हता. माझ्या मोबाईलला तर धक्क्याच्या पार टोकाला गेल्याशिवाय रेंज येत नाही, आणि जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, तेव्हा तिथे उभं राहिलं तर डॉक्टरांना फक्त वारा ऐकू येतो. एकूण काय, एक डोंगल घ्यायचं. लॅपटॉपच्या बाजूच्या भोकात खोचायचं, म्हणजे वायरलेस परत सुरू. मर्व्ह त्याला डोंगल म्हणू देत नाही, वायरलेस ॲडॉप्टर म्हण म्हणतो. मी डोंगलच म्हणते.

तुम्हाला वाटेल, त्यात काय, दुकानात जायचं आणि आणायचं. मलाही तसंच वाटलं होतं. पण लिनक्सचं म्हणजे एखाद्या मानी सुनेसारखं असतं, सगळ्यांशी तिचं जमत नाही, आणि का जमत नाही ते ती सांगतही नाही.

पहिलं डोंगल ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांनी सुचवलेलं होतं. डोळे मिटून घे म्हणाले. मर्व्हने घेतलं, खोचलं, काही नाही. दिवसभर खोलीतून शिव्या ऐकू येत होत्या. संध्याकाळी नेव्हिलकडून कळलं, की कंपनीने मधल्या काळात आतली चिप बदलली होती. खोकं तेच, नाव तेच, बाहेरचं रूप तेच, आणि आत भलतंच काहीतरी. डब्यावर चहा लिहायचं आणि आत मीठ भरायचं, तशातला प्रकार. पहिल्या भेटीच्या दिवशी मर्व्हने डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, की जमणार नाही.

दुसऱ्या डोंगलला इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घ्यावं लागत होतं. ते घेतलं की मग डोंगल चालणार आणि इंटरनेट येणार.

"म्हणजे इंटरनेट येण्यासाठी आधी इंटरनेट पाहिजे?" मी विचारलं.

"हो."

"आणि हे ज्याने काढलं तो मोकळा फिरतोय?"

मर्व्ह वाचनालयात गेला, मेव्हिसच्या टोळक्याकडे पाठ करून काय ते उतरवून आणलं, आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत ते डोंगल चालतं केलं. आम्ही दोघांनी शेरीचा एकेक घोट घेतला. दुसऱ्या भेटीच्या सकाळी लिनक्सने आपलं आपणच काहीतरी नवीन करून घेतलं आणि डोंगल पुन्हा मुकं झालं. तीही भेट हुकली. या वेळी डॉक्टरांच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. गोड आवाजात म्हणाली, मिसेस पास्को, आम्ही समजू शकतो, पण तिसरी भेट हुकली तर मर्व्हिन यांचं नाव यादीच्या शेवटी जाईल आणि पुन्हा वर यायला वसंत उजाडेल. झडप वसंतापर्यंत वाट बघेल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते डॉक्टरच सांगू शकतील. डॉक्टरांशी कसं बोलायचं, तर डोंगलवरून.

त्या रात्रीपासून मी मर्व्हचा श्वास ऐकत पडायला लागले. तो थांबला की माझाही थांबायचा.

तिसरं डोंगल न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलच्या एका माणसाच्या शब्दावर मागवलं. ते शुक्रवारी पोस्टाने आलं, नखाएवढं, इतकं क्षुल्लक दिसणारं की मी पाकीट झटकून बघितलं, आत आणखी काही आहे का. मर्व्ह ते घेऊन मधल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"नाही चालत," तो म्हणाला, आणि सरळ बोटीकडे निघून गेला.

मला वाईट वाटलं. बुधवारी सकाळी तिसरी भेट. मी रात्री त्याच्यासाठी सफरचंदाचं पुडिंग केलं, वर दाट कस्टर्ड घातलं. इथल्या दवाखान्यातले डॉक्टर नको म्हणाले होते, पण म्हटलं बिचारा एवढा खटपट करतोय. त्याने अर्धंच खाल्लं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. दोन डोंगलं चालली नाहीत तेव्हा या माणसाने शिव्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि या वेळी अवाक्षर नाही. पण काळजीने माणूस आंधळा होतो, आणि मी काळजीत होते.

मंगळवारी मी बेकरीत पास्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या भाजक्या करंज्या, आणायला गेले. रांगेत पुढे नेव्हिल. नेव्हिल म्हणजे लांबुडका, वाकलेला, स्वेटरवर कायम पावाचा चुरा असलेला भला माणूस. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"काय ग ग्लेनिस! मग, आता तरी खुश ना?"

"कशाने खुश होऊ? उद्या भेट आहे आणि डोंगलचा पत्ता नाही."

"पत्ता नाही काय! मर्व्हने रविवारीच ग्रुपवर टाकलंय. खोचलं की लगेच चालतं, काही करावं लागत नाही, सिग्नलच्या पाचही काड्या. इन्व्हरकारगिलवाल्याचे जाहीर आभारसुद्धा मानलेत. मी तर त्याच्या शब्दावर दोन मागवली. एक माझ्यासाठी, एक असावं जवळ म्हणून." तो वाकून म्हणाला, "मर्व्हचा शब्द म्हणजे सोनं. तुला सांगायला नको."

"नको," मी म्हणाले. "मला सांगायला नकोच."

पास्ट्यांची पिशवी छातीशी धरून मी घरी आले. वाटेत एवढा राग आला होता, की चर्चपाशी उभी राहून मी मोठ्याने बोलले, "गाढवा!" पाद्रीबाई बाहेर झाडत होत्या, त्यांनी हात केला. मग समुद्राकडे वळले तसा राग ओसरला आणि खाली नुसती भीती उरली. हा माणूस माझ्याशी खोटं बोलला. आणि का बोलला ते मला न विचारता कळत होतं, हे त्याहून वाईट होतं.

पण बायको रडत घरात शिरली की नवरा तिची समजूत काढतो आणि मूळ विषय राहून जातो. म्हणून मी डोळे पुसले.

मर्व्ह सिंकपाशी मासे साफ करत होता.

"नेव्हिल भेटला होता," मी पास्ट्या ओव्हनमध्ये सरकवत म्हटलं. त्याचा सुरीवरचा हात थांबला. "बिचारा फार फसला रे."

"का? काय झालं?"

"तू कुठल्याशा डोंगलबद्दल ग्रुपवर लिहिलंस म्हणे. त्यावर विश्वास ठेवून त्याने दोन मागवली. आणि तू तर मला म्हणालास, चालत नाही. तुझं वय झालं, चुकून लिहिलं असशील. मी त्याला फोन करून सांगते, ग्रुपवर टाक म्हणावं, की मर्व्हिन पास्को यांनी दिलेली माहिती खोटी आहे, कुणी विश्वास ठेवू नये." आणि मी भिंतीवरचा फोन उचलला.

"ठेव तो फोन."

"ठेवू कसा? होबार्टचे लोक आहेत, सेडुनाचे आहेत. सगळ्यांचं नुकसान."

"ग्लेन, ठेव म्हणतो ना!"

"नंबर काय त्याचा? शेवटी सात की नऊ?"

"खोटी नाहीये माहिती!" मर्व्ह ओरडला. त्याच्या हातातला मासा सिंकमध्ये पडला. "खोटी कशी असेल? खोचल्याबरोबर उठलं ते! पाचही काड्या! एक ओळसुद्धा टाइप करावी लागली नाही मला! वीस वर्षांत असं डोंगल पाहिलं नाही मी, आणि तू म्हणतेस खोटी!"

मग त्याच्या लक्षात आलं, तो काय बोलला ते. मी फोन जागेवर ठेवला. हातांना खवले लागलेल्या अवस्थेत तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. मोठ्याने ओरडल्यामुळे त्याला धाप लागली होती, आणि ती धाप ऐकत मी उभी होते. चिडवायचं माझं सगळं बळ संपलं.

"डोंगल म्हणालास," मी म्हटलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"ॲडॉप्टर," तो पुटपुटला.

"ग्रुपला खरं सांगितलंस आणि मला खोटं."

"ग्रुपवर खोटं नाही लिहिता येत ग. लोक त्यावर विसंबून पैसे घालतात."

"आणि मी काय काय घातलंय रे, तुझ्यावर विसंबून?"

तो नखाने हातावरचे खवले काढायला लागला.

"कीथ स्वतः गाडी चालवत गेला होता, ग्लेन," तो म्हणाला. "जाताना मला म्हणाला, माझे खेकड्यांचे पिंजरे बघ, शनिवारी येतो. मी पिंजरे रिकामे करत होतो तेव्हा तुझा निरोप आला. आधी खरंच चालत नव्हती. पहिली दोन. देवाशपथ. मग तिसरं लागलं, आणि मी मधल्या खोलीत बसून एवढा खुश झालो, एवढा, की टाळी वाजवली. आणि मग आठवलं, की आता डॉक्टर दिसणार."

मी दुसरं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. त्याचे माशांचे हात हातात घेतले. "मलाही भीती वाटते," मी म्हटलं. "रात्रभर जागी असते मी. तुझा श्वास मोजत. पण डॉक्टरांशी बोललो नाही म्हणून झडप बिघडायची थांबणार आहे का रे? तिला काय ठाऊक, डोंगल चाललं का नाही ते?"

"नसेल ठाऊक," तो म्हणाला.

"मग उद्या बोलायचं."

"बोलू."

"नेव्हिलला फोन करू?"

"पुरे ग आता," तो म्हणाला, आणि हसला एकदाचा. पास्ट्या तेवढ्यात करपल्या. आम्ही तशाच खाल्ल्या.

बुधवारी सकाळी मर्व्हने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लॅपटॉप मागच्या खोलीत मांडला. ज्यातून इंटरनेट येतं तो मोडेम आमच्याकडे स्वयंपाकघरात, पावाच्या डब्यावर असतो. सबंध घरात त्याच्यापासून सगळ्यात लांबची जागा कुठली असेल, तर ती मागची खोली. माझ्या लक्षात आलं, पण मी गप्प बसले. माणसाला हरतानाही थोडी जागा ठेवावी.

डोंगलवरचा दिवा लुकलुकला आणि डॉक्टर फाम समोर आल्या. बारीकशा, चष्मेवाल्या, आमच्या मुलीहून लहान. मला वाटलं होतं कुणी पांढऱ्या केसांचं असेल.

"मर्व्हिन! शेवटी दिसलात एकदाचे. तुमच्या कॉम्प्युटरबद्दल आमच्या ऑफिसात फार ऐकलंय."

"लिनक्स आहे," मर्व्ह म्हणाला.

"असं का? माझ्या भावाकडेही आहे. त्याचाही फोन कधी लागत नाही."

मी हसले. मर्व्हला हसू आलं नाही. डॉक्टरांनी त्याला पाय वर करायला लावले, घोट्यावर बोट दाबून दाखवायला लावलं, जिन्याचं विचारलं, झोपेचं विचारलं. त्याने दोनदा उत्तर दिलं, "ठीक आहे." दोन्ही वेळा मी खरं काय ते सांगितलं. मग डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मर्व्हिन, मी स्पष्ट सांगते. ऑपरेशन केलं नाही तर पुढचा हिवाळा तुम्हाला फार जड जाईल. आणि ऑपरेशनमध्ये धोका आहेच. तुमच्या वयाला, तुमच्या तब्येतीला तो धोका साधारण..."

आणि त्या थांबल्या. तोंड उघडं, हात हवेत. चित्र गोठलं. डोंगलचा दिवा विझला, लागला, विझला.

मी मर्व्हकडे बघितलं. एवढा सोपा रस्ता त्याला कुणी दिला नसता. लॅपटॉप मिटायचा आणि म्हणायचं, बघ, नाही चालत. तिसरी भेट, नाव यादीच्या शेवटी, वसंत, आणि तोपर्यंत रोज सकाळी बोट. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी एक शब्द बोलले नाही. तो त्याने घ्यायचा निर्णय होता.

मर्व्ह उठला. लॅपटॉप तसाच उघडा, दोन्ही हातांवर, गरम भांडं धरावं तसा धरला आणि निघाला. बोळातून भिंतीला खांदा घासत, धापा टाकत. मी मागून म्हणत होते, अरे मी घेते, मला दे. त्याने दिला नाही. स्वयंपाकघरात येऊन पावाच्या डब्याला अगदी चिकटून त्याने तो ओट्यावर ठेवला, कालच्या करपलेल्या पास्ट्यांच्या ताटलीशेजारी, आणि स्क्रीनसमोर वाकला.

"डॉक्टर," तो म्हणाला. गोठलेल्या चित्राला. "डॉक्टर, थांबा. जाऊ नका."

दिवा लागला आणि तसाच राहिला. डॉक्टर हलल्या.

"हॅलो? मर्व्हिन? गेलात की काय असं वाटलं. कुठपर्यंत ऐकलंत?"

मर्व्हने ओट्याची कड घट्ट धरली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली हृदय धडधडत होतं, वेडंवाकडं, पण धडधडत होतं.

"धोक्यापर्यंत," तो म्हणाला. "तिथून पुढे सगळं सांगा. मी ऐकतोय."